काट्याने खरे बोलावे



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून मोठमोठे पंडित बोलत आले. मी पंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले, त्यापुढचे गॅरेजात, आणि त्याच्याही पुढचे सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. गेली पंचवीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. त्यामुळे आज दुपारी गावात शिरताच एका मित्राने मला हटकले, "भाऊ, तुम्ही संपावर बोला, कायद्यावर बोला. हे इंग्रजी मोटारीच्या डॅशबोर्डाचे काय काढले?"

प्रश्न रास्त आहे. ज्या गावात बैलजोडी विकून ट्रॅक्टरचा हप्ता भरावा लागतो, तिथे दोन माणसांच्या शौकाची विलायती गाडी हा विषय चैनीचा वाटणार. पण मी गाडीच्या चैनीबद्दल बोलणार नाही. तिच्या चालकासमोर जो एक लाकडी फळा असतो आणि त्या फळ्यावर जे काटे असतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. ते काटे दुरुस्त करता करता मी जे शिकलो, ते मला कोणत्याही शिबिरात शिकायला मिळाले नाही. तेव्हा थोडा धीर धरा, ही विनंती.

प्रथम डॅशबोर्ड हा शब्दच पाहू. हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या गाडीत हाकणाऱ्याच्या पायांसमोर एक आडवी फळी किंवा चामड्याचा पडदा असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. चिखल अडवणारी फळी ती डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, इंजिन आले, चिखल उडेनासा झाला, पण फळी राहिली. मग कोणीतरी त्या रिकाम्या फळीवर एक घड्याळ लावले, कोणी वेगाचा काटा लावला, कोणी तेलाचा दाब दाखवणारा काटा लावला. अशा रीतीने चिखल अडवणारी फळी बातमी देणारी फळी झाली. इंजिन पुढे झाकलेले असते, चालकाला ते दिसत नाही. त्याच्या पोटात काय चालले आहे ते त्याला या फळीवरूनच कळते.

आता गाडीची ओळख करून देतो. एम. जी. हे नाव आज तुमच्या ओळखीचे आहे. गुजरातेत हलोलच्या कारखान्यात २०१९ पासून या नावाच्या गाड्या बनतात, आणि समृद्धी महामार्गावर त्या तुम्ही पाहिल्याही असतील. आज हे नाव एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे, आणि भारतातला एक उद्योगसमूह तिचा भागीदार आहे. पण मुळात एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस नावाच्या गृहस्थाचा ऑक्सफर्ड शहरातला हा धंदा. आपली अॅम्बॅसडर हीसुद्धा मॉरिसच्याच एका गाडीची भारतीय आवृत्ती होती. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणजे पुढाऱ्यांची अॅम्बॅसडर आणि शौकिनांची एम. जी. या एकाच घराण्यातल्या दूरच्या बहिणी होत.

या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाडीचा सांगाडा घेऊन त्यावर हलक्या, चपळ गाड्या बांधायला सुरुवात केली. १९२९ पासून ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी त्यांचा कारखाना होता. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ साली, तिथून टी. सी. नावाची गाडी निघू लागली. चार सिलिंडरचे १२५० सी. सी.चे इंजिन, तारांच्या आऱ्यांची चाके, कापडी छप्पर, समोरची काच पुढे आडवी पाडता येण्याजोगी. १९४९ पर्यंत अशा १०,००० गाड्या निघाल्या. किंबर मात्र ही गाडी पाहायला राहिला नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात तो गेला. आणि अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात कायमचा बंद पडला. किंबरचे नाव मोटारींच्या पुस्तकांत सापडते. त्या १०,००० फळ्या ज्यांनी कापल्या, घासल्या, बसवल्या, त्यांचे नाव कुठे सापडत नाही. मी संघटनेचा माणूस, म्हणून ही गोष्ट माझ्या डोळ्यांत भरते. असो.

या टी. सी.चा डॅशबोर्ड मोठा गमतीदार आहे. तुमच्या कुठल्याही गाडीत वेगाचा काटा चालकासमोर असतो. या गाडीत चालकासमोर असतो तो इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, आणि वेगाचा काटा असतो शेजारी बसणाऱ्यासमोर! इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे चालकाने पाहावे, आणि गाडी किती पळते ही काळजी शेजाऱ्याने करावी, अशी वाटणी. मधल्या पट्टीवर तेलाच्या दाबाचा काटा, वीज भरते की खर्च होते हे दाखवणारा अँमीटर, आणि दिव्यांची, हॉर्नची व स्टार्टरची बटणे. पेट्रोलचा काटा नाहीच. टाकीतले पेट्रोल थोडे उरले की एक हिरवा दिवा लागतो, एवढेच. म्हणजे सांगायचे थोडे, पण जे सांगायचे ते खरे, असा त्या फळ्याचा बाणा होता.

आता मी त्या फळ्यापाशी कसा पोहोचलो ते सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना मला थोडे मागे जावे लागेल. माझा जन्म १९७१ चा, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा. सतराव्या वर्षी मी विदर्भातल्या एका शहरात, एका खाजगी वाहतूकदाराच्या गॅरेजात कामाला लागलो. त्याच्या चार-सहा बसगाड्या होत्या. १९९० सालच्या लग्नसराईत त्यांतल्या एका गाडीचा तेलाचा दाब उतरू लागला. इंजिन गरम झाले की काटा पंधराच्या खाली येई. इंजिन खोलायचे तर गाडी दहा दिवस उभी करावी लागणार, आणि लग्नाच्या वऱ्हाडांचे पैसे तर आगाऊ घेतलेले. मॅनेजरने मला बोलावले आणि सांगितले, "काटा तेवढा वर आण."

काटा वर आणणे मोठे सोपे असते. मीटरची काच काढायची, दांडीवरचा काटा हलक्या हाताने उपसायचा आणि थोडा पुढे दाबून बसवायचा. मी तो वीस-पंचवीस घरे पुढे बसवला. दाब पंधरा असला की काटा चाळीस दाखवू लागला. त्यात एकच खोट होती. इंजिन बंद असतानाही काटा शून्यावर येईना. त्या गाडीच्या चालकाच्या ते ध्यानात आले. जुना, सावध माणूस होता. त्याने मला विचारले, "काऊन रे, गाडी बंद हाये तरी काटा वर कसा?" मी म्हणालो, "भाऊ, स्प्रिंग ताठ झाली आहे, काही नाही." त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

आठव्या दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम झाले. त्याच रात्री मॅनेजरने मला तो काटा पुन्हा मूळच्या जागी बसवायला लावला. मग चौकशी झाली. मीटर तपासले, ते बरोबर निघाले. तेव्हा चालकावर ठपका आला, की काटा खाली आलेला दिसत असूनही याने गाडी दामटली. मला साक्षीला बोलावले. मी सांगितले, मीटर बरोबर होते. एका अर्थी ते खरे होते; त्या दिवशी ते बरोबरच होते. चालकाची नोकरी गेली. पुढच्या वर्षी मी ते गाव सोडून मुंबईला गेलो.

मुंबईत मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. तो कोकणातला, हाताने सुतार आणि डोक्याने घड्याळजी. जुन्या मोटारी सांभाळणारी जी मंडळी मुंबईत आहेत, त्यांच्या गाड्यांची लाकडी कामे आणि मीटरची कामे त्याच्याकडे येत. १९९४ साली त्याच्याकडे एक एम. जी. टी. सी. आली. बरीच वर्षे समुद्राजवळच्या एका बंगल्याच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. फळ्याची खालची कड पावसाने फुगली होती, व्हिनियर पापडासारखे सुटले होते, मीटरच्या काचा आतून पिवळ्या पडल्या होत्या, आणि तारांवर उंदरांनी हात मारला होता. मालक भला माणूस होता. त्याने एवढेच सांगितले, की फळा नव्यासारखा झाला पाहिजे.

मिस्त्रीने तीन दिवस एक स्क्रूही काढला नाही. आधी बॅटरी सोडली. मग फळ्याचे चित्र काढले, प्रत्येक मीटर, प्रत्येक बटण, प्रत्येक तार. तारेला कागदाची चिठ्ठी बांधायची आणि तोच आकडा चित्रात घालायचा. "मोडायला अक्कल लागत नाही. परत जोडायला लागते, ती आताच लिहून ठेव," असे तो म्हणे. चौथ्या दिवशी फळा बाहेर आला. तो उलटा केला तर मागच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने दोन आकडे आणि एक बाण काढलेला होता. वरची बाजू कुठली हे दाखवायला अ‍ॅबिंग्डनच्या कोणा सुताराने केलेली ती खूण. पंचेचाळीस वर्षे ती कोणी पाहिली नव्हती. मिस्त्रीने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा आपलाच माणूस."

आता दुरुस्तीकडे वळतो. फळा प्लायचा, वर अक्रोडाचे पातळ व्हिनियर. काही गाड्यांवर त्या जागी रेक्झिन चढवलेले असे. फुगलेला प्लाय पुन्हा बसत नाही, म्हणून नवा फळा कापावा लागला. जुन्या फळ्यावरून कागदाचा फर्मा काढला. इथे जाडी अचूक लागते. फळा थोडा जाड झाला तर मीटर मागून आवळत नाही. थोडा पातळ झाला तर खडखडते. मग व्हिनियर. एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या दोन चकत्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी शेजारी लावल्या, की डाव्या अर्ध्याची नक्षी उजव्या अर्ध्यात आरशासारखी उमटते. चिकटवल्यावर वर सपाट लाकूड व वजने ठेवून दोन दिवस हात लावायचा नाही. मग घासणे, आणि मग पॉलिश.

पॉलिशच्या आधी पाऊस आला. मालकाची घाई होती, पण मिस्त्रीने जुलै-ऑगस्टात पॉलिशला हात लावला नाही. दमट हवेत पॉलिश केले तर आत ओल अडकते आणि वर पांढुरका धुरकटपणा येतो. "पावसाशी भांडून उपयोग नाही," एवढेच तो म्हणाला. नवरात्रात काम सुरू झाले.

बंधूंनो, या ठिकाणी मला वऱ्हाडची एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळी विलायती गाड्यांवर जे चकचकीत लॅकर चढवत, ते सेल्युलोजचे, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाचे. रेक्झिन म्हणजे सुती कापडावर त्याच पदार्थाचा थर. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी ते बनू लागले. गाडीच्या तारांवर जे वेष्टन असे तेही सुताचेच विणलेले. आणि हाताने करायचे जुने पॉलिश असते लाखेचे. लाखेचे किडे आपल्याकडच्या पळसावर, बोरीवर आणि कुसुमाच्या झाडावर वाढतात. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला नेता यावा म्हणून १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा काढला गेला, हे आपण जाणतो. कोणत्या गाडीत कोणत्या शेतातला कापूस गेला हे कोणी सांगू शकणार नाही. पण ज्याला आपण साहेबाची चैन म्हणतो, तिच्या अंगावरची चकाकी कापसाची आणि लाखेची आहे, एवढे मात्र खरे.

फळा झाला, आता मीटर. तेलाच्या दाबाच्या मीटरात पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी असते. एझेन बूर्दों नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली ती शोधून काढली. नळीत दाब आला की ती सरळ व्हायला पाहते. जत्रेत मुले कागदाची पिपाणी फुंकतात आणि ती उलगडते, तसेच हे आहे. नळीचे बंद टोक हलते, ते छोट्या दात्यांना फिरवते, आणि दाते काट्याला. आत वीज नाही, जादू नाही. जोवर काट्याची जागा बदललेली नाही, तोवर या मीटराला खोटे बोलता येत नाही.

वेगाचा काटा आणि फेऱ्यांचा काटा यांचे पोट मात्र घड्याळासारखे असते. चाकाकडून किंवा इंजिनाकडून एक लवचिक केबल फिरत येते. आतले यंत्र ठरावीक क्षणभर फेरे मोजते, मोज दाखवते, पुन्हा मोजते. म्हणून या जुन्या गाडीचा काटा सरकत नाही, टिकटिक करत पायरीपायरीने चढतो. वेगाच्या मीटराच्या तबकडीवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. एका मैलाला केबलने किती फेरे घ्यावेत तो हा आकडा. तो न पाहता दुसऱ्या गाडीचे मीटर बसवले, तर ते दिसते छान आणि सांगते खोटे. तबकडी मैलांची होती. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, म्हणून मालकाने विचारले, की किलोमीटरची तबकडी करू या का? मिस्त्री म्हणाला, "तिची भाषा ती आहे. आपण समजून घ्यायचे." तबकडीवरची अक्षरे जुनी, फिकट झालेली, ती त्याने पेट्रोलने पुसू दिली नाहीत. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढली, काच बदलली, आणि अक्षरे तशीच ठेवली.

जुन्या तबकड्यांबद्दल इशाऱ्याचा एक शब्द इथेच सांगतो. अंधारात चमकावे म्हणून जुन्या घड्याळांच्या आणि विमानांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावत. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तरुण मुली हे काम करीत आणि ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. तसे करायला त्यांना शिकवलेलेच होते. त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येक मेल्या. पाच जणींनी १९२७ साली मालकावर दावा लावला आणि १९२८ साली तडजोड झाली. म्हणून सांगतो, चमकणारा जुना रंग कधी खरवडू नका. तबकडीवर काटा बसवणारे हात असतात, आणि त्या हातांचाही जीव असतो.

शेवटी तारा. त्या गाडीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. हे न कळता कोणी बॅटरी सवयीने जोडली, तर अँमीटर उलटे बोलू लागते. भरत असताना खर्च दाखवते. दुसरे असे, की पत्र्याच्या फळ्यावर मीटर आवळले की त्याला अर्थिंग आपोआप मिळते. लाकडी फळ्यावर ते मिळत नाही. लाकडातून वीज जात नाही. तिथे प्रत्येक मीटराच्या दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते. अँमीटरमधून तर गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते. त्याची एक चक्की सैल राहिली तरी ती तापून आग लागू शकते. फळा पुढून कितीही सुंदर असो, तो जगतो मागच्या बाजूने.

असा तो फळा दिवाळीच्या आधी तयार झाला. शेवटचे काम होते तेलाच्या दाबाचा काटा बसवण्याचे. मिस्त्रीने काटा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी शून्य बघ. दाब नसताना काटा शून्यावर आला पाहिजे. जो शून्यात खोटा, तो पुढे सगळीकडे खोटा."

माझा हात थांबला. चार वर्षांत मी ती गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी मिस्त्रीला सांगितली. त्याने ऐकून घेतले. मला वाटले, तो रागावेल किंवा समजूत घालील. त्याने यांतले काही केले नाही. "मग मला काय सांगतोस? त्याला जाऊन सांग," एवढेच म्हणाला, आणि काटा माझ्या हातून काढून घेऊन स्वतः बसवला.

मी गेलो. तो चालक मेहकरच्या बाजूच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबत होता. मी ओट्यावर बसलो आणि सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तवा तू पोरगा होतास, हे मले समजते. पन मी तवा दोन लेकरायचा बाप होतो."

बंधुभगिनींनो, त्यानंतर मी शेकडो भाषणे ऐकली आणि केली, पण याला उत्तर देणारे वाक्य मला आजवर सापडले नाही. मी लेखी जबानी दिली. एका संघटनेच्या वकिलाने प्रकरण उचलले. तोवर तो धंदा विकला गेला होता. नोकरी परत मिळाली नाही. तडजोडीत काही रक्कम मिळाली. ती किती थोडी होती हे सांगायला मला संकोच वाटतो. मी संघटनेत आलो तो त्या कज्जाच्या निमित्ताने, आणि मग तिथेच राहिलो.

ती एम. जी. पुढे रस्त्यावर आली. अशा गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी वेगळ्या क्रमांकमालिकेत नोंदवता येते, पण ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. मूळ रूप ही अट मला फार मोलाची वाटते. पण मूळ रूप म्हणजे काय? त्या फळ्याचे लाकूड मूळचे नाही, काचा नाहीत, तारा नाहीत. मग मूळचे राहिले काय? माझ्या मते दोन गोष्टी राहिल्या. एक, काटे खरे बोलतात. आणि दुसरी, काय बदलले ते लपवलेले नाही. मिस्त्रीने नव्या फळ्याच्या मागे पेन्सिलीने साल घातले, काय काय नवे केले ते लिहिले, आणि जुन्या फळ्याचा बाण काढलेला तुकडा कापून तिथेच स्क्रूने बसवला. पुढे कोणी तो फळा उघडील, त्याला दोन्ही सुतार भेटतील.

आता मघाच्या मित्राच्या प्रश्नाला उत्तर देतो. काटा हा शब्द आपल्या मराठीत दोन ठिकाणी चालतो. मीटरवरचा तो काटा, आणि बाजारात कापूस-सोयाबीन मोजतो तोही काटाच. खोटा काटा म्हणजे काय हे केनवडच्या माणसाला मी काय सांगावे? वर्षभराचे पीक गाडीत घालून जो काट्यावर गेला आहे, त्याला ते सांगावे लागत नाही. तोही गाडी चढवण्याआधी रिकाम्या काट्याकडे पाहतो. तो शून्यच पाहत असतो.

पण मला आणखी एक पायरी पुढे जायचे आहे. काटा स्वतः होऊन खोटा बोलत नाही. त्याला कोणीतरी पुढे सरकवून बसवतो. आणि जो बसवतो तो बहुधा एकोणीस वर्षांचा, गरजू, पोटासाठी घाबरलेला एखादा पोरगा असतो. मी माझी सुटका करून घेण्यासाठी हे म्हणत नाही. माझे माप त्या चालकाने ओट्यावर बसून केले आहे आणि ते बरोबर आहे. मी म्हणतो ते असे, की काटे खरे हवे असतील, तर काटे बसवणाऱ्याला 'हे मी करणार नाही' असे म्हणण्याची सोय हवी. नकार दिला म्हणून उद्याची भाकरी जाणार नाही, एवढी तरी हमी हवी. ती हमी एकट्या माणसाला कोणी देत नाही. ती चार माणसांनी एकत्र उभे राहून मिळवावी लागते. त्यालाच आम्ही संघटना म्हणतो. लोकांना वाटते संघटना पगारासाठी असते. पगारासाठी ती आहेच, पण त्याच्याही आधी ती खरे बोलणाऱ्याच्या पाठीशी असावी लागते.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्याकडे कुठले प्रमाणपत्र नव्हते, आणि ते जे जाणत होते त्याचा अभ्यासक्रम कुठल्या शाळेत मला दिसला नाही. आपल्यात बसलेल्या सुतार, लोहार, वायरमन, मेकॅनिक भावांना माझी एकच विनंती आहे. तुम्ही जे दुरुस्त कराल, मग तो पंप असो, पाळणा असो की ट्रॅक्टर, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि काय बदलले ते लिहा. आणि काटा असला, तर तो बसवण्याआधी शून्य पाहा.